नळदुर्गचा पाणीमहाल : नदीच्या घळीतला दगडी पूल कसा पाहावा

घाटनांदूर, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यात राहणाऱ्यांना दरीचे अप्रूप नसते. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारी वाट, बालाघाटाचे कडे, पावसाळ्यात भरून येणारे ओढे हे सगळे घरचेच. पण नदीने खोल कापलेली घळ आणि तिच्यावर माणसाने घातलेले चारशे वर्षांपूर्वीचे दगडी बांधकाम एकाच जागी पाहायचे असेल, तर आपल्याला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, बोरी नदीवर, नळदुर्ग आहे. पहाटे निघून रात्री घरी परतता येईल इतका तो जवळ आहे.

बरेचजण तिथे धबधब्याच्या बातम्या वाचून जातात, गर्दीत तासभर उभे राहतात, फोटो काढतात आणि परततात. एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे पाहायचे आहे ते एवढेच, की बांधणाऱ्यांनी नदीला अडवताना तिच्या पाण्याला वाट कशी करून दिली. ते एकदा ध्यानात आले की केव्हा जावे, कुठून पाहावे, कुठे पाऊल टाकू नये या सगळ्याची उत्तरे आपोआप मिळतात.

पूल, बंधारा आणि महाल

बोरी ही भीमेची उपनदी. घाटनांदूरचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते; नळदुर्गला पोहोचेपर्यंत आपण भीमेच्या खोऱ्यात गेलेलो असतो. नळदुर्गजवळ ही नदी काळ्या पाषाणात खोल उतरते आणि एका उंच पठाराला वळसा घालते. पठारावर मुख्य किल्ला आहे, पलीकडच्या तीरावर रणमंडळ नावाचा छोटा उपदुर्ग आहे आणि या दोहोंच्या मध्ये, घळीत आडवी घातलेली भक्कम दगडी भिंत आहे.

ही भिंत तीन कामे करते. नदी अडवून किल्ल्याला पाणी पुरवते आणि घळ भरलेली ठेवते, म्हणून ती बंधारा. तिच्या माथ्यावरून चालत रणमंडळात जाता येते, म्हणून ती पूल. आणि तिच्या पोटात जिने, खोल्या, सज्जे आणि खिडक्या आहेत, म्हणून तिला पाणीमहाल म्हणतात. तिथल्या फारसी शिलालेखाप्रमाणे हे काम १६१३ मध्ये, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, मीर इमादीन या स्थापत्यकाराने पुरे केले. हा इब्राहिम म्हणजे संगीतावर ‘किताब-ए-नवरस’ रचणारा, प्रजेने जगद्गुरू म्हटलेला बादशहा. पुराचे पाणी समोर पडद्यासारखे कोसळत असताना आत कोरडे बसून ते पाहायचे, ही कल्पना त्याच्या दरबारात रुजावी यात नवल नाही.

पूल, बंधारा आणि बसण्याची जागा एकत्र असणारे जगातले नामांकित बांधकाम म्हणजे इराणमधल्या इस्फहानचा खाजू पूल. तो १६५० च्या सुमाराचा. नळदुर्गचे काम त्याच्या आधी साडेतीन दशके पुरे झाले होते. इस्फहानला सपाट शहरातली नदी होती; इथे खडकाळ घळ आणि पावसाळ्यात अंगावर येणारे पाणी होते.

भिंत टिकली कशी, हे तिथे कसे ओळखाल

माथ्यावरून चालताना भिंतीच्या रुंदीकडे लक्ष द्या. पाण्याचा रेटा ही भिंत स्वतःच्या वजनावर सोसते. म्हणून ती इतकी जाड आहे आणि पोटात महाल कोरल्यासारखा बसवूनही तिचे बळ उणे झालेले नाही. दगड काळा बसाल्ट आहे, सांधे चुन्याचे आहेत.

नुसत्या जाडीवर मात्र भिंत टिकत नाही. पूर आला आणि पाणी वाट्टेल तिथून माथ्यावरून वाहू लागले, की ते पायथ्याचा खडक आणि सांधे कुरतडते. इथे जादा पाण्याला ठरलेल्या दोन जागा दिल्या आहेत. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. बंधारा भरला की पाणी या दोन वाटांनीच मोठ्या धारांनी खाली झेपावते, बाकीची भिंत मोकळी राहते. लोक ज्याला नर-मादी धबधबा म्हणतात तो खरे तर बांधणाऱ्याने काढलेला सांडवा आहे. महालाच्या खिडक्याही हे पाणी कुठून पडणार याचा हिशेब करूनच ठेवलेल्या आहेत.

पाणी नसताना गेलात तर दगडावरच्या खुणा वाचा. पाण्याच्या पातळीचे फिकट पट्टे, धार पडून गुळगुळीत झालेला खडक, सांध्यांतून निघालेला चुना आणि फटीत रुजलेला पिंपळ. हा पिंपळ दिसायला साजरा असला तरी मुळे जाड होत जातात तसे दगड सुटे होतात. जुन्या बांधकामाचा नाश बहुतेक वेळा अशाच लहान गोष्टीपासून सुरू होतो.

केव्हा जावे

धबधबा हवा असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस धरा. या भागात पावसाचा जोर सप्टेंबरात अधिक असतो. तरी तारखेवर विसंबू नका. नदीच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून सांडू लागले की नर-मादी वाहू लागतात. म्हणून निघण्याआधी ‘बोरी धरण भरले का’ एवढे विचारा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठळक येते, आणि नळदुर्गात कुणी ओळखीचे असेल तर एका फोनवर काम होते. कमी पावसाच्या वर्षी धबधबा येतच नाही, हेही मुलाबाळांना आधी सांगून ठेवा.

शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. नवरात्रात आणि आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूरचे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात, वाहतूक वळवलेली असते. देवीचे दर्शन आणि किल्ला एकाच दिवशी उरकण्याचा बेत त्या दिवसांत करू नका.

बांधकामच पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. ऊन सोसवते, शेवाळ वाळलेले असते, महालात निवांत उतरता येते. मार्च ते मे मात्र नकोच. किल्ल्यात सावली कमी आणि काळा दगड दुपारी भाजून काढतो.

एक तारीख वेगळी सांगायला हवी. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या तेव्हा पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा रस्त्याचा पूल उडवला गेला असता तर पुढची चाल खोळंबली असती. सातव्या ब्रिगेडने वेगाने येऊन तो पूल शाबूत हाती घेतला आणि पाच दिवसांत हैदराबाद शरण आले. नदी ओलांडण्याच्या एका जागेवर केवढे अवलंबून असते, हे त्या सप्टेंबरात पुन्हा एकदा दिसले. या दिवसांत तिथे जाल तर हा इतिहास घरातल्या मुलांना नक्की सांगा.

घाटनांदूरहून कसे जावे

घाटनांदूरला रेल्वे स्टेशन आहे, पण ते लातूर रोड–परळी मार्गावर. नळदुर्गला रेल्वे नाही, त्याला जवळचे मोठे स्टेशन सोलापूर. त्यामुळे आपल्याकडून रस्त्यानेच जाणे सोयीचे. थेट किंवा अंबाजोगाईवरून लातूर गाठायचे, पुढे औसा, तुळजापूर आणि नळदुर्ग. लातूर ते तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग आहे. तुळजापूरपासून नळदुर्ग तीसेक किलोमीटर. एकूण अंतर साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर. स्वतःच्या गाडीने चहापाण्यासह चार तास धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन चढण्याआधी किल्ल्याच्या दारात पोहोचाल.

एसटीने जायचे तर लातूर आणि तुळजापूर इथे गाडी बदलायची तयारी ठेवा. नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद महामार्गावर असल्याने सोलापूर–उमरगा बाजूच्या गाड्या तिथे थांबतात. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आधारकार्ड जवळ असू द्या. परतीची शेवटची गाडी कोणती हे नळदुर्ग बसस्थानकावर उतरताक्षणी विचारून घ्या, किल्ला पाहून झाल्यावर नको.

किल्ल्यात कोणत्या क्रमाने फिरावे

आत शिरल्यावर बहुतेक मंडळी थेट पाण्याच्या आवाजाकडे धावतात. त्याआधी उपळ्या बुरुजावर चढा. हा किल्ल्यातला सर्वांत उंच बुरूज, ७७ पायऱ्यांचा, वर तोफा आहेत. तिथून नदीचा वळसा, घळ, रणमंडळ आणि दोन्ही किल्ल्यांना बांधणारी भिंत एका नजरेत येते. जागा नेमकी इथेच का निवडली हे खाली उभे राहून कळत नाही, वरून लगेच कळते. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच थांबा, तटावरूनही घळ चांगली दिसते.

मग तटाच्या कडेने येऊन बंधाऱ्याचा खालच्या अंगाचा चेहरा पाहा. नर-मादीच्या धारा पूर्ण दिसतात त्या इथून. फोटो काढायचे ते इथेच काढा, पाय पक्क्या जमिनीवर ठेवून.

त्यानंतर बंधाऱ्यावर या. एका बाजूला साठलेले संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खोल घळ. मध्ये थांबून दोन्हीकडची पातळी ताडून पाहा. वाट मोकळी असेल आणि रखवालदाराची हरकत नसेल तर रणमंडळापर्यंत जा. तिकडून मुख्य किल्ल्याचा तट पाहिला की या छोट्या दुर्गाचे काम समजते: बंधाऱ्याचे दुसरे टोक शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याची राखण.

महालात शेवटी उतरा. जिना अरुंद आणि अंधारा आहे. बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळे सरावेपर्यंत पहिल्या पायऱ्यांवर थांबा. वर येणाऱ्यांना आधी येऊ द्या, मग उतरा. पाणी जोरात असते तेव्हा आत जाण्यास मनाई करतात. त्यावर हुज्जत घालू नका.

वेळ उरला तर नवबुरूज पाहा. नऊ पाकळ्यांसारख्या अर्धगोलांचा हा बुरूज बाहेरूनच नीट कळतो. जामा मशीद, रंगमहाल, बारादरी, अंबरखाना हे सगळे धरून किल्ला धीमेपणाने पाहायला तीन-साडेतीन तास लागतात. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक कर्नल मेडोज टेलर १८५३ नंतर इथे अधिकारी म्हणून राहत होता आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गविषयी लिहिले आहे. त्या काळी नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण होते. ते धाराशिवला गेले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

पाण्याजवळ वागायचे कसे

जुना दगड आणि वाहते पाणी यांच्यापुढे धिटाई दाखवू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत पडला आणि माणसे दगावली. एका ठिकाणी पुराचा जोर होता, दुसऱ्या ठिकाणी गर्दीचा भार. नळदुर्गच्या बंधाऱ्याची बांधणी वेगळी आणि अधिक भक्कम आहे, तरी या दोन घटनांतून घ्यायचा धडा तोच आहे:

– बंधाऱ्यावर घोळक्याने एका जागी थांबू नका. गर्दी दिसली तर काठावर थांबा, ओसरली की जा.

– पाणी चढताना दिसले, ते गढूळ झाले किंवा त्यात काड्या-पाला वाहू लागला, तर क्षणही न दवडता काठ गाठा. नळदुर्गात ऊन असले तरी वरच्या भागात पाऊस झालेला असू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या भूम-परांडा भागाने पाणी किती झपाट्याने चढते ते अनुभवले आहे.

– नर-मादीच्या सांडव्याजवळ, पाणी थोडे दिसले तरी, पाय घालू नका. तिथला दगड शतकानुशतके घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर शेवाळ असते. चपला नकोत, खाचांचा तळ असलेले, घट्ट बसणारे बूट घाला.

– कठड्यावर बसून किंवा पाठमोरे सरकत सेल्फी काढू नका. लहान मुलांचा हात सोडू नका.

– आभाळ गडगडू लागले की उपळ्या बुरुजावरून ताबडतोब उतरा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देते. घरूनच घेऊन ठेवा.

– जुन्या तटांना आग्यामोहोळ असते. उग्र अत्तर, धूर, फटाके, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर हात न झटकता डोके झाकून दूर जा.

– अडचण आली तर ११२ वर, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. आत नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून सर्वांनी भेटायची एक जागा आधीच ठरवा.

सोबत माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी, पावसाळ्यात रेनकोट आणि महालासाठी छोटी बॅटरी घ्या. छत्री नको, घळीतल्या वाऱ्यात ती आवरत नाही आणि हात अडकतो. भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधून घ्या, पण जेवण किल्ल्याबाहेर करा आणि कागद-पिशव्या गाडीत टाका. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे भिंतीवर नाव कोरणे, रंगवणे, दगड हलवणे गुन्हा आहे. ड्रोनला पूर्वपरवानगी लागते.

जोडीला काय पाहावे

नळदुर्ग आणि जवळचे अणदूर इथे खंडोबाची परंपरा मोठी आहे. देवाची मूर्ती एकच आणि मंदिरे दोन: सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या मैलारपुरात मोठी यात्रा भरते. त्या दिवशी किल्ल्याचा बेत करू नका, यात्रेचाच करा. येता-जाता औशाचा भुईकोट किल्ला वाटेवरच आहे; तासभर काढता आला तर नळदुर्गशी तुलना करून पाहता येते.

नुसता पूल, म्हणजे खांब आणि कमानी, पाहण्याची आवड लागली तर पुढच्या सहलींसाठी दोन ठिकाणे लक्षात ठेवा. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे आणि तो आजही वापरात आहे. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीवर मकाई दरवाजा, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा यांना जोडून जुने पूल आहेत. तिथेही पहिला प्रश्न तोच विचारा: पुराच्या पाण्याला इथे वाट कुठे आहे? कमानींची संख्या, खांबांचा प्रवाहाकडचा आकार, पुलाची उंची या सगळ्यांत त्याचे उत्तर असते.

शाळांच्या सहलींसाठी

आपल्या भागातल्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात. तेव्हा धबधबा नसतो म्हणून शिक्षक नळदुर्ग गाळतात. मी म्हणेन, मुलांना तेव्हाच न्या. सातवी ते नववीच्या मुलांना भूगोलातला बसाल्ट, विज्ञानातला पाण्याचा दाब आणि इतिहासातली आदिलशाही इथे एका भिंतीत भेटते. तीस-तीसच्या तुकड्या करा. एक तुकडी बुरुजावर, एक बंधाऱ्यावर, एक बाहेर अशी पाळी लावा. महालात दहाहून अधिक मुले एका वेळी पाठवू नका. प्रत्येकाला वहीत एकच चित्र काढायला सांगा: पूर आल्यावर पाणी कुठून येईल, कुठे अडेल आणि कुठून जाईल, ते बाणांनी दाखवायचे.

हे चित्र ज्या मुलाला नीट जमेल, त्याला आपल्या ओढ्यावरची कचऱ्याने तुंबलेली मोरी पाहून काय चुकले आहे ते सांगावे लागणार नाही. दरवर्षी जुलै-ऑगस्टात गावोगाव रस्ते वाहून जातात ते बहुधा पाण्याची वाट बुजवल्यामुळे. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी ती वाट आधी आखली आणि मग दगड रचले. नळदुर्गला जाऊन एवढे शिकून आलो तर प्रवासाचे भाडे वसूल झाले असे समजावे.